कच्च्या कामाची बाजू

प्रा. अजीज सोलकर सरांची आणि माझी पहिली भेट मस्कतमधल्या आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत झाली. जुने तपासलेले पेपर तिथे वर्षभर ठेवत आणि मग यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करत. इंग्रजी विभागाची प्रमुख म्हणून त्या चिंध्यांवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे होते. मी दार उघडले तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ गार फरशीवर मांडी घालून बसलेले. त्यांच्याभोवती गणिताच्या नापास मुलांचे पेपर पसरले होते आणि ते एकेक पेपर उलटा करून वाचत होते.

"हे आज फाडायचे आहेत," मी इंग्रजीत म्हणाले.

"दोन दिवस थांबा," त्यांनी मराठीत उत्तर दिले. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव त्यांनी वाचले असावे. "प्रधान बाई ना तुम्ही? मी सोलकर. गणिताला नवीन आलोय. बसा की. खाली बसायची सवय असली तर."

'बाई' हा शब्द मला खटकला. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत शिक्षिका 'मिस' असत, आणि बाई घरी धुणेभांडी करायला येत. मी तसे थोड्या घुश्शातच बोलून दाखवले. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंपेक्षा मोठं कुणी नव्हतं. सरपंचसुद्धा बाई आल्या की उठून उभा राहायचा."

त्यानंतर आजपर्यंत मी त्यांची 'बाई' आहे, आणि आता दुसऱ्या कोणत्याही नावाने त्यांनी हाक मारली तर मी वळून बघणार नाही.

नापास पेपरांत एवढे काय बघायचे, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी एक पेपर माझ्यापुढे धरला. उत्तराच्या बाजूला शून्य गुण आणि कोरी जागा. पान उलटले तर मागे, कच्च्या कामाच्या बाजूला, पेन्सिलीने अरबी आकड्यांत अख्खे गणित मांडलेले. "मुलगी हिशेबाला पक्की आहे," सर म्हणाले. "शेवटच्या ओळीत नक्की काय विचारलंय तेच तिला उमगलेलं नाही. म्हणून बिचारीने उत्तर लिहिलंच नाही. आणि ही बाजू तपासायची नाही असा आपला नियम."

या वर्षी सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सरांच्या शैक्षणिक कार्यावर लिहायला सांगितले आहे. त्या कार्याची सुरुवात माझ्यापुरती त्या फरशीवर झाली, म्हणून ती आधी सांगितली. पुढचे सांगताना माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागेल. ती वगळून सरांविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मस्कतमध्ये सरांना ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या लहानपणाविषयी मात्र ते स्वतः फारसे बोलत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील आखाती देशांत सुतारकाम करत, दोन वर्षांतून एकदा घरी येत. दहावीपर्यंत मराठी शाळा. गणितात गावात पहिले. पुढे रत्नागिरीच्या कॉलेजात गेले आणि पहिल्याच वर्षी गणितात नापास झाले, कारण तिथे सगळे इंग्रजीत होते. "गणित तेच होतं, बाई," त्यांनी एकदा मला सांगितले. "पण मी वर्गात शेवटच्या बाकावर बसून असायचो आणि मला वाटायचं, गावातले लोक खोटंच माझं कौतुक करत होते." वडिलांना पत्रात त्यांनी निकाल कळवला नव्हता. ते वर्ष त्यांनी पुन्हा केले, मग शिकत गेले, शिक्षक झाले. ओमानमध्ये आल्यावर काही वर्षे सहमच्या एका शाळेत शिकवून ते आमच्या कॉलेजात आले.

आमचे कॉलेज दोन वर्षांच्या पदविकेचे. मुले बहुतेक ओमानी, शाळा अरबीतून झालेली. पदविकेचे शिक्षण इंग्रजीतून. म्हणून आल्या आल्या प्रत्येकाची चाचणी होई आणि कच्च्या मुलांना पायाभूत वर्षात बसवले जाई. आधी इंग्रजीच्या पायऱ्या चढायच्या, मग गणिताच्या, आणि मग पदविका. पायाभूत वर्षात तीनदा नापास झाले की जागा गेली. ही रचना ज्या समितीने केली तिच्यात मी होते, आणि मला तिचा अभिमान होता. पाया पक्का केल्याशिवाय भिंत उभारू नये, इतकी साधी गोष्ट वाटे.

ज्या मुलीचा तो पेपर होता तिचे नाव शमसा. इब्रा या गावची राहणारी, लग्न झालेली, तीन वर्षांची मुलगी असलेली. आठवडाभर मस्कतमधल्या अल मवालेहला मावशीकडे राहून ती कॉलेज करी. तिला रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचे होते. पायाभूत वर्षात ती दोनदा नापास झाली होती आणि तिसरी खेप शेवटची होती. तिच्यासारखी शेवटच्या संधीवर आलेली आणखी दहा-अकरा मुलेमुली त्या वर्षी होती.

सरांनी या सगळ्यांना एकेक करून बोलावले आणि त्यांच्याच कच्च्या कामाविषयी विचारले. अर्धे इंग्रजी, अर्धे अरबी असे ते बोलणे चाले. एका प्रश्नापाशी शमसाने आकडेमोड केलीच नव्हती, चित्र काढले होते: डोंगर, पाण्याचा लोंढा आणि अलीकडे थांबलेली एक गाडी. प्रश्न होता नावाड्याचा. तो प्रवाहाच्या दिशेने इतका वेळ, उलट इतका वेळ वल्हवतो, तर प्रवाहाचा वेग किती.

"सर, वादीला पाणी आलं की आम्ही गाडी लांब उभी करतो," शमसा म्हणाली. "माझा काका तर छपरावर चढतो. हा माणूस होडी घेऊन उलटा का चाललाय? त्याला घरी कुणी नाही का?"

या देशात बारमाही नदी नाही. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारा कोरडा ओढा; पाऊस पडला की त्याला लोंढा येतो आणि ओसरतो. तिथे कुणी वल्हवत नाही. त्या प्रश्नाची भाषा तपासून देणारी मीच होते. मी त्यातली दोन वाक्ये अधिक सुबक करून दिली होती.

सरांनी नवी योजना मांडली. शेवटच्या संधीच्या मुलांना पायाभूत वर्षात पुन्हा बसवायचे नाही. त्यांना थेट पदविकेच्या पहिल्या सत्राच्या गणिताला बसवायचे आणि रोज दोन तास जोडीचा वर्ग घ्यायचा. त्या वर्गात गणिताचा आणि इंग्रजीचा असे दोन्ही शिक्षक एकाच वेळी उभे राहणार. त्या दिवशीच्या गणितात जे इंग्रजी लागेल ते त्याच दिवशी शिकवायचे. सत्राच्या शेवटी पदविकेचे गणित आणि इंग्रजी या दोन्ही परीक्षा.

आमचे डीन डॉ. सालिम मोजके बोलणारे ओमानी गृहस्थ होते. ते म्हणाले, "दोन्ही विभागांच्या सह्या आणा. मी एक सत्र देतो. पण लक्षात ठेवा, हीच त्यांची तिसरी खेप धरली जाईल. नापास झाले तर खलास."

मी सही करायला नकार दिला. भर बैठकीत म्हणाले, "ज्यांना चार ओळींचा उतारा समजत नाही त्यांना तुम्ही पदविकेच्या पुस्तकापुढे बसवणार? हा त्यांच्यावर अन्याय आहे. ही मुलं पास होणार नाहीत." मला मनापासून तसे वाटत होते.  सरांनी आपले कागद गोळा केले आणि जाताना माझ्यासाठी दार धरून ठेवले.

दोन दिवसांनी दुपारच्या नमाजाच्या सुट्टीत शिक्षकांची खोली रिकामी असताना सर आले. हातात एक वहीचा कागद, त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात मराठीत पाच गणिते. "चौथीची आहेत," ते म्हणाले. "दहा मिनिटं. मी नमाज पढून येतो."

पहिलेच गणित असे होते: गाडीत सव्वाशे नारळ होते, त्यातले एकोणसत्तर उतरवले, तर किती उरले?

माझ्या वाचकांपैकी जे मराठी शाळेत गेले त्यांना यात अवघड काय ते कळणार नाही. आमच्या शाळेत आकडे फक्त इंग्रजीत होते. घरी आई मराठीत भाव विचारी, मी इंग्रजीत मोजी. चाळिशीपुढचे मराठी आकडे मला आजही चढत्या क्रमाने म्हणावे लागतात. सव्वा म्हणजे एक आणि पाव हे मला घड्याळामुळे माहीत होते, म्हणून सव्वाशे म्हणजे शंभर आणि पाव असेल असे मी धरले. एकोणसत्तर म्हणजे सत्तर आणि नऊ. वजाबाकी मी अगदी काळजीपूर्वक केली.

सरांनी परत येऊन कागद वाचला. "सव्वाएकवीस नारळ," ते म्हणाले. "बाई, त्या गाडीतला पाऊण नारळ कुणी खाल्ला?"

मी कागद पुन्हा वाचू लागले.

"छप्पन्न."

"छप्पन्न म्हणजे... फिफ्टी-सिक्स?"

"फिफ्टी-सिक्स. तुम्हाला वजाबाकी येत नाही का?"

"येते."

"मग मराठी येत नाही?"

"सोलकर सर, मराठी माझी मातृभाषा आहे."

"म्हणजे दोन्ही येतं, आणि तरी पाचातली चार चुकली." त्यांनी कागदाची घडी घालून ती माझ्या हातात ठेवली. "शमसाचं एवढंच म्हणणं आहे."

हे त्यांना बैठकीत करता आले असते. डॉ. सालिम होते, बाकीचे विभागप्रमुख होते; माझी चांगली फजिती झाली असती आणि योजना तिथल्या तिथे मंजूर झाली असती. त्यांनी खोली रिकामी होण्याची वाट पाहिली, आणि या गोष्टीचा त्यांनी पुढे कुणापाशी उल्लेखही केला नाही. आज ती मीच सांगते आहे. सरांच्या सौजन्याबद्दल या ग्रंथात अनेकांनी लिहिले असेल. मला त्याचा अर्थ त्या दुपारी समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही केली, पण एका अटीवर. इंग्रजीची परीक्षा एका गुणानेही सोपी होणार नाही. "मी तेच सांगायला येणार होतो," सर म्हणाले.

त्या सत्राइतका आनंद मला नोकरीत पुन्हा कधी मिळाला नाही. एका खोलीत आम्ही दोघे. सर फळ्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. सुरुवातीला दोघांच्या बोलण्याची टक्कर होई. मी वाक्य समजावत असताना ते आकडा लिहून मोकळे. मग त्यांनीच एक शिस्त घातली: मुलांना प्रश्नाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगता येईपर्यंत सरांनी खडू उचलायचा नाही. मी बोलत असले की ते हात मागे बांधून भिंतीशी उभे राहत, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे, आणि मुले त्यांच्याकडे बघून हसत.

'ऍट लीस्ट' आणि 'ऍट मोस्ट' हे दोन शब्द मुलांच्या डोक्यात काही केल्या बसत नव्हते. कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मी तीन दिवस उदाहरणे देत होते. शेवटी शमसाच वैतागून उठली आणि कॉफीचा इवलासा पेला बोटांत धरल्यासारखे करून मैत्रिणींना म्हणाली, "अगं, काहवा. पाहुण्याने ऍट लीस्ट एक फिंजान घ्यायचा, नाहीतर यजमानाचा अपमान. ऍट मोस्ट तीन. चौथा घेतला तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण तो गेल्यावर सगळे बोलतील."

"आणि असमानतेत कसं लिहायचं?" सरांनी विचारले.

तिने फळ्यावर लिहिले. बरोबर लिहिले. सर खडू तिच्याच हातात ठेवून मागे जाऊन बसले आणि उरलेला तास त्यांनी तिला शिकवू दिला.

नवे प्रश्न मुलांकडूनच लिहून घ्यायची पद्धत त्यातून सुरू झाली. नावाडी गेला. त्याच्या जागी बातिनाच्या हमरस्त्यावरच्या गाड्या आल्या, बकरीच्या लिलावातले भाव आले, लग्नात किती ताटांना किती तांदूळ हे आले. मी त्यांचे इंग्रजी नीट करी, सर आकडे तपासत. आज पायाभूत वर्ष जवळजवळ बंद झाले आहे आणि जोडीचे वर्ग सगळ्या विभागांत चालतात. बाहेरची मंडळी येऊन ते बघून जातात आणि अहवाल मागतात. सर त्यांना अहवाल देतात, आणि सोबत मुलांनी लिहिलेल्या प्रश्नांची ती पहिली वही देतात. वाचायचे काही असेल तर ते या वहीत आहे, असे सांगतात.

पण त्या पहिल्या सत्राच्या मध्यावर ही सगळी योजना बुडण्याच्या बेतात होती. शमसाला मधल्या चाचणीत फार कमी गुण मिळाले आणि ती यायची बंद झाली. पहिल्या आठवड्यात मावशीने सांगितले, तिची मुलगी आजारी आहे. दुसऱ्या आठवड्यात मावशीने फोन उचलला नाही. पुढच्या सोमवारपर्यंत ती वर्गात दिसली नसती तर हजेरीच्या नियमाने तिचे नाव कटले असते. तिचे बघून आणखी दोघी डळमळल्या होत्या.

"बाई, बुधवारी मोकळ्या आहात?" सरांनी विचारले. "इब्राला जाऊ."

इब्राला बुधवारी सकाळी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. पुरुषाने आत पाऊल टाकायचे नाही. शमसाची आई तिथे कापड आणि बखूर नावाचा सुगंधी धूप विकते आणि शमसा तिच्या मदतीला बसते, एवढे सरांना वर्गातल्या मुलींकडून कळले होते. मला वाटले होते की सर बोलतील आणि मी बरोबर असेन. बाजाराच्या तोंडाशी गाडी उभी करून ते म्हणाले, "मला इथून पुढे येता येत नाही. तुम्ही जा."

"मी काय बोलू तिच्याशी? योजना तुमची आहे."

"मला जे बोलता येतं ते तिने सगळं ऐकलंय," ते म्हणाले आणि त्यांनी गाडीची खिडकी खाली केली.

शमसा कापड मोजत होती. मला पाहून ती उठली नाही. गिऱ्हाइकाला पाच हातांचे कापड कापून दिले, मोड दिली, पुढचीशी घासाघीस केली, आणि मग माझ्यासाठी खोक्यावर जागा केली. तिच्या आईने काहवा ओतला.

"मुलगी कशी आहे?" मी विचारले.

"बरी आहे. अल्हम्दुलिल्ला."

"मग?"

"मग खलास, मिस. मी इथे बरी आहे."

मी बोलायला लागले. तिची हुशारी, तिचा तो तास, प्रयोगशाळा. ती ऐकून घेत होती, आणि मध्येच शांतपणे म्हणाली, "सरांना सगळेच पास होतील असं वाटतं. त्यांना मांजर दाखवलं तरी ते म्हणतील, पास होईल. तुम्ही मीटिंगमध्ये काय म्हणालात ते मला माहीत आहे. ऑफिसातली फातमा माझी चुलत बहीण आहे."

खोटे बोलण्याची सोय उरली नव्हती. मी म्हणाले, "हो. मी म्हणाले होते की तुम्ही पास होणार नाही."

"आणि आता?"

"आता मला माहीत नाही, शमसा. गणितात होशील. इंग्रजीचं मी सांगू शकत नाही, कारण तो पेपर माझा आहे आणि तो मी सोपा करणार नाही. पण रोज दोन तास मी त्या खोलीत असेन. तू नसलीस तर मी कुणाला शिकवू?"

तिने आईकडे बघून अरबीत बरेच काही सांगितले. आईने मला न्याहाळले आणि दोन शब्दांत काही विचारले.

"आई विचारते, बाहेर गाडीत जो माणूस बसलाय तो तुमचा नवरा का?"

"नाही. ते तुझे सर."

शमसा उभी राहिली. "सर आलेत? उन्हात?"

मग आईची धांदल उडाली. खजुरांचे ताट आणि काहव्याचा थर्मास एका म्हातारीबरोबर बाहेर पाठवला. बरोबर निरोपही: सरांनी गाडी आणखी वीस पावले मागे घ्यावी, बायकांना अवघडल्यासारखे होते. सरांनी गाडी मागे घेतली. मी परत आले तेव्हा ते मागच्या सीटवर बसून, मांडीवर ताट ठेवून, कुणाचा तरी पेपर उलटा करून वाचत होते.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारले.

"इन्शाल्ला म्हणाली."

"कसं म्हणाली?"

या देशात इन्शाल्ला हा होकारही असतो आणि गोड नकारही, हे इथे राहिलेल्यांना ठाऊक आहे. तिचा कोणता, ते मला ओळखता आले नव्हते. तेव्हा गुरुवार-शुक्रवारी सुट्टी असे. शनिवारचा आणि रविवारचा दिवस गेला. सोमवारी सकाळी आठला ती वर्गात होती. तो शेवटचा दिवस होता. मुलगीही बरोबर होती, कारण मावशीला बरे नव्हते. सरांनी मुलीला खडूचा डबा दिला आणि फळ्याचा खालचा भाग तिच्या नावे केला.

परीक्षा झाल्या. गणितात शमसा चांगल्या गुणांनी पास झाली. तिचा इंग्रजीचा पेपर माझ्याकडे आला. मला तिला पास करायचे होते, आणि म्हणूनच तो मी तपासणे योग्य नव्हते. मी तो नाव झाकून दुसऱ्या शिक्षिकेकडे दिला. त्या दोन दिवसांत सरांनी मला एकदाही विचारले नाही. भेटले की हवेबद्दल बोलत.

ती पास झाली, उत्तीर्णतेच्या रेषेच्या अगदी किंचित वर.

मी धावत सांगायला गेले तेव्हा सरांसमोर गणिताची यादी होती आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. तिघे नापास झाले होते. "यांच्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, बाई," ते म्हणाले. त्या तिघांना त्यांनी पुढे वर्षभर आठवड्यातून एकदा फोनवर शिकवले, त्यांच्या सोयीच्या वेळी. त्यांतला एक बाहेरून परीक्षा देऊन पदविकेला लागला; दोघांनी नाद सोडला. आजही सरांना त्या दोघांची नावे वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट पाठ आहेत. पास झालेल्यांपैकी कुणी बाजारात भेटून सलाम केला तर मात्र ते माझ्याकडे बघून हळूच विचारतात, "हा कोण हो?"

माझ्या पतींच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा तीन आठवडे माझे इंग्रजीचे वर्ग सरांनी घेतले. मी परत आल्यावर मुलांनी सांगितले की सर रोज तासाच्या सुरुवातीला माझ्या पतींची तब्येत एकेका वाक्यात फळ्यावर लिहीत आणि त्यातल्या क्रियापदांवर तास घेत. सरांच्या पत्नी जुबेदाभाभी रोज दुपारी हॉस्पिटलात डबा पाठवत. डब्यात अनेकदा सांदणे असत. ती खायची परवानगी पेशंटला नव्हती, म्हणून ती मीच संपवी. भाभींचे आभार मानायला शब्द शोधत होते तर त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? तुम्ही आमच्या यांना इतकी वर्षं सांभाळून घेता."

आता सरांच्या निवृत्तीविषयी. साठीनंतर एक वर्ष तरी सरांनी शिकवत राहावे अशी कॉलेजची इच्छा आहे. त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते. गेल्या महिन्यात सर त्या तपासणीला सीबच्या एका दवाखान्यात गेले. रक्त घ्यायच्या टेबलामागे शमसा होती. गेली काही वर्षे ती तिथेच आहे. हाताखाली दोघी शिकाऊ आहेत.

तिने विचारले, "सर, उपाशीपोटी आलात?"

"हो. फक्त चहा घेतला."

"साखरेचा?"

सरांनी हळूच मान डोलावली.

"सर, उद्या या."

"अगं, आज एवढ्या लांब आलोय. फक्त एकच कप. बघ काही जमतं का."

"जमत नाही," शमसा म्हणाली. "चुकीचा रिपोर्ट तुम्हाला चालेल का?" आणि तिने पुढच्या माणसाला आत बोलावले.

ही हकिकत मला सरांनीच फोनवर सांगितली. नोकरीत मिळालेल्या कोणत्याही मानपत्राविषयी ते इतक्या आनंदाने बोललेले मी ऐकलेले नाही. दुसऱ्या दिवशी ते उपाशीपोटी गेले. रिपोर्ट आला, साखर थोडी वर आहे, बाकी सगळे उत्तम. खाली शमसाने स्वतःच्या अक्षरात, बिनचूक इंग्रजीत, तीन ओळी लिहिल्या आहेत: रोज चालणे, हलवा बंद, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येणे.

सर, तुमच्या सगळ्या सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या वतीने माझे एवढेच मागणे आहे की या बाबतीत तिचे ऐका. दर सहा महिन्यांनी तिच्यासमोर बाही वर करून बसा. अशी पुष्कळ, पुष्कळ वर्षे जावोत, तिच्या हाताखालच्या मुली मोठ्या होऊन त्या टेबलामागे बसोत, आणि तुमची तब्येत दरवेळी तिला हवी तशीच निघो.